रविवारी तुळस तोडत नाहीत

आत्याबाई, आज सकाळची गंमत सांगते. गंमत म्हणायची की काय, ते तुम्हीच ठरवा. शुक्रवारी तुमचा तेरावा झाला, काल शेवटचे पाहुणे गेले, आणि आज कुठे घर जरा शांत होतं. मी चहाचं आधण ठेवलं तोवर फाटक वाजलं. समोरच्या सोसायटीचा वॉचमन, हातात स्टीलचा ग्लास. बिचारा महिनाभर गावी होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. म्हणाला, "वहिनी, मावशींना सांगा, घसा पार बसलाय. जरा काढा द्या."

आता मी काय सांगायला हवं होतं? मावशी गेल्या. दोन शब्दांचं काम. तर माझ्या तोंडून निघालं काय, "आज रविवार आहे. रविवारी तुळस तोडत नाहीत. उद्या या." तो बरं म्हणाला आणि गेलासुद्धा. मी फाटकाची कडी धरून तशीच उभी. हे मी बोलले? मी, वैशाली, डी. फार्म. झालेली, मोशीत मेडिकल चालवणारी, जिनं बावीस वर्षं या तुळशीवरून तुमच्याशी, सख्ख्या सासूशी, हुज्जत घातली, ती? आत येऊन जी रडायला लागले, ती चहा उतू जाऊन गॅस विझला तरी मला पत्ता नाही.

आठवतं ना, सुरुवात कशी झाली ते? चिंचवडची पोरगी मी, वडील कंपनीत. आमच्याकडे आजारी पडलं की डॉक्टर, डॉक्टर देतील ती गोळी, विषय संपला. लग्न होऊन आले, पहिल्याच सकाळी मला दोन शिंका आल्या, आणि तुम्ही तपकिरी पाण्याचा ग्लास आणून पुढ्यात ठेवलात.

"काय आहे यात?"

"तुळस, आलं, चार मिरं, गुळाचा खडा."

"तुळस किती?"

"मूठभर."

"मूठ कुणाची? तुमची की माझी?"

तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. "अगं बया! सून आणली का इन्स्पेक्टर?"

प्यायले मी. शिंका थांबल्या. मी म्हटलं, गरम पाण्यानं थांबल्या. "व्हय व्हय, पान्यानंच," असं म्हणून तुम्ही तोंडाला पदर लावून हसलात. मला इतका राग आला होता त्या हसण्याचा! आता ते हसणं ऐकायला मी काय वाट्टेल ते देईन.

इंद्रायणीकडचं तुमचं रान तुकड्यातुकड्यानं गेलं, त्यावर इमारती उठल्या. उरलेल्या जागेत आपलं घर आणि मागं कामगारांना भाड्यानं द्यायच्या आठ खोल्या. रान गेल्याचं तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. फक्त एखाद्या इमारतीचं रंगकाम संपलं की साइटवर जाऊन रिकाम्या बादल्या मागून आणायच्या, बुडाला तापल्या सळईनं भोकं पाडायची आणि तुळस लावायची. गच्चीवर एकतीस बादल्या आहेत, आत्याबाई. मी मोजल्यात, मी नाही तर कोण मोजणार? काळी वेगळी, पांढरी वेगळी. खोकल्याला काळी, देवाला कुठलीही. मंजिऱ्या दिसल्या की चिमटीनं खुडायच्या, "न्हाईतर झाड लवकर म्हातारं व्हतं." सोसायटीतल्या बायका रोप मागायला आल्या की रोप फुकट आणि वर दहा मिनिटांचं भाषण. पान दातानं चावायचं नाही, गिळायचं. दिवेलागणीनंतर हात लावायचा नाही. द्वादशीला आणि रविवारी तोडायचं नाही.

"आणि रविवारी घसा दुखला तर?" मी एकदा मुद्दाम विचारलं.

"तर सोमवारी बरा व्हतो."

"अहो, शनिवारी तोडून ठेवा की."

"देवाला दोन पानं ठिवते की वाटीत. देवाला तुळस शिळी व्हत न्हाई. काढ्याला मातुर ताजीच लागती."

"औषधाला कधी सुट्टी असते का आत्याबाई?"

"झाडाला नको व्हय? दाद्याच्या कंपनीला गुरवारची सुट्टी, हिला रविवारची." दाद्या म्हणजे तुमचा लेक, माझा नवरा. तो ताटावरून मान वर न करता म्हणाला, "बरोबर आहे आईचं." त्या दिवशी त्याला दुसऱ्यांदा भाजी वाढली नाही मी.

दुकानात येऊन तर तुम्ही माझी फजितीच करायचात. कपाटातली खोकल्याची बाटली हातात घेऊन, डोळ्यांसमोर धरून, भर गिऱ्हाइकांत, "ह्येच्यावर तर तुळस काढलीया! ही बाटलीतली तू विकतीस, आन माझी बादलीतली चालत न्हाई व्हय?" मी सांगायचे, त्यात अमुक इतकं असतं, तपासलेलं असतं, प्रत्येक बाटलीत तेवढंच असतं. तुमच्या बादलीत काय, एका झाडाला ऊन जास्त, एकाला पाणी जास्त, आज एक गुण, उद्या दुसरा. मग चिडून मीच एकदा म्हटलं, तुळशीच्या तेलात युजेनॉल असतं, लवंगेत असतं तेच, त्यानं जंतू थोडे मरतात, ठणका थोडा कमी होतो, पण म्हणून कोणी लवंग खाऊन ऑपरेशन करत नाही. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हंजी त्येला नाव बी हाय! मंग आतापत्तुर का भांडत व्हतीस?" दुसऱ्या दिवसापासून सगळ्या आळीत तुम्ही सांगत सुटलात, "आमची वैशी म्हनती, तुळशीत उजेनाल असतं."

खरं सांगू? मला तेव्हा आतून हसू आलं होतं. दाखवलं नाही.

आणि बालाजी. मागच्या तिसऱ्या खोलीतला, लातूरकडचा, चाकणला ग्राइंडिंगच्या कामावर. खोकायचा. तुम्ही म्हणायचात, कंपनीची धूळ आहे, काढ्यानं सुटंल. दोन वेळचा ग्लास त्याच्या दारात. पहिले काही दिवस त्याला बरंही वाटलं, घसा मऊ पडायचा, झोप लागायची. पण खोकला हलेना, आणि माणूस वाळत चालला. तीन आठवडे झाले तसं मी अंगणात उभी राहून ओरडले, "काढा पुरे आता! थुंकी तपासायला पाहिजे त्याची!" तुमचं तोंड एवढंसं झालं. "माझ्या काढ्यात काय इख हाय व्हय?" मी म्हटलं, "विष नाही हो, पण वेळ चाललाय त्याचा." दुसऱ्या दिवशी मला न सांगता त्याला बसमध्ये घालून पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलात, रांगेत तुम्हीच उभ्या राहिलात. टीबी निघाला.

त्या दिवशी तुम्ही जे केलंत ते मी विसरणार नाही. आठही खोल्यांतली माणसं अंगणात होती, बालाजी मान खाली घालून पायरीवर बसला होता, आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "वैशी बराबर व्हती. मी चुकले. माझ्या नादानं ह्येचं तीन आठवडं गेलं." एवढं सरळ. पुढचे सहा महिने तो तुमच्यासमोर गोळी गिळायचा आणि मगच तुम्ही त्याला पान द्यायचात. "आदी गोळी, मंग तुळस." आता चाकणला सुपरवायझर आहे तो. तुमच्या दहाव्याला आला होता, घाटावर लहान मुलासारखा रडला.

तुम्हाला जमलं, आत्याबाई. मला नाही जमलं. म्हणून तर हे लिहायला बसलेय.

चार वर्षांपूर्वी तुम्हाला शुगर निघाली. गोळी सुरू झाली. तुम्ही गोळी घ्यायचात, माझा धाक होता ना! पण जोडीला सकाळी अनशापोटी मूठभर तुळशीचा काढा, कारण कुणीतरी सांगितलं होतं की तुळस शुगरला चांगली. गोळी, काढा, मग एकतीस बादल्यांना पाणी, मग अंघोळ, पूजा, आणि मग दहाला कधीतरी भाकरी. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललेलं. पुढं एकदा रिपोर्टमध्ये शुगर जरा वर दिसली, डॉक्टरबाईंनी गोळी वाढवायची म्हटलं. तुम्ही वजनकाट्यावर उभ्या होतात, पलीकडं, नर्सशी गप्पा मारत. बाईंनी मला विचारलं, "घरचं काही घेतात का? काढा, चूर्ण, कारल्याचा रस, असं काही?"

मी म्हटलं, "छे हो, तसलं काही नाही."

का म्हटलं? लाज वाटली. मेडिकलवालीच्या घरात सासू काढा पिते, हे सांगायची लाज वाटली. आणि दुसरं म्हणजे, माझ्या लेखी ते औषधच नव्हतं. पानाचं पाणी, त्याचं काय सांगायचं! दुकानात दिवसभर लोकांना विचारणारी मी, आणखी कुठली गोळी चालू आहे का, कसली ॲलर्जी आहे का. घरातलंच सांगितलं नाही.

मग चक्कर सुरू झाली. नऊ-साडेनऊला घाम फुटायचा, हात थरथरायचे, तुम्ही दुकानात फोन करायचात. मी धावत यायचे तोवर तुम्ही गूळ खाऊन ठणठणीत बसलेल्या. आणि रविवारी मी सकाळभर घरी, तर त्या दिवशी काहीच नाही, तुरूतुरू चालायचात. मी काय बोलले तेव्हा? "मी घरात नसले की बरी चक्कर येते तुम्हाला!" तुम्ही नुसतं बघितलंत माझ्याकडं. ती नजर अजून जात नाही. एवढं शिकून मला एवढी साधी गोष्ट दिसू नये की रविवारी घरात एकच गोष्ट बदलते!

एका मंगळवारी तुम्ही गच्चीच्या जिन्यात पडलात. नशीब, वरच्या पायरीवर नव्हतात. शुगर पार खाली गेलेली. दवाखान्यात हाताला ग्लुकोज लावलं, तासाभरानं तुम्ही डोळे उघडलेत आणि डॉक्टरबाईंनी विचारलं, "आजी, सकाळपासून काय काय घेतलं?" तुम्ही सांगितलं, गोळी आणि काढा. "रोज घेता?" "रोज. रविवार सोडून. रविवारी तुळस तोडत न्हाईत."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. बाईंनी मला बाहेर बोलावलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "नक्की तुळशीनंच झालं असं मी म्हणणार नाही. गोळी वाढवलेली, खाणं उशिरा, तेही आहेच. पण तुळस शुगर थोडी उतरवते, तिनं हातभार लावला असणार. मी तुम्हाला विचारलं होतं, ताई." बस, एवढंच.

आत आले तर तुम्ही पडल्या पडल्या विचारताय, "काय म्हनली गं बाई?"

"म्हणाल्या, तुळशीनं शुगर उतरते थोडी."

तुमचा चेहरा काय फुलला! हाताला सुई, कपाळाला टेंगूळ, आणि ही बाई खूश. "बघ! म्हंजी गुण हाय का न्हाई?" नर्स हसली, तुमचा लेक रडता रडता हसला. मी म्हटलं, "गुण आहे म्हणूनच मोजून घ्यायचं असतं आत्याबाई! ज्यात काही नसतं ते मूठभर काय, टोपलंभर घ्या!" आपल्या बावीस वर्षांच्या भांडणात आपण दोघी एकाच वेळी बरोबर होतो, अशी ती एकच वेळ. पण मी ते तसं म्हटलं नाही.

आणि भेटायला येईल त्याला तुम्ही काय सांगायचात? "माझंच चुकलं. सुनेला न इचारता जादा पेले." न विचारता? माझ्या डोळ्यांदेखत पीत होतात तुम्ही! मी तिथंच खुर्चीवर बसलेली असायचे, सफरचंद कापत. एकदाही म्हणाले नाही की थांबा, डॉक्टरांना नाही म्हणणारी मी होते. आज सांगते, उद्या सांगते. मग घरी आलात, मग म्हटलं आता कशाला विषय काढायचा. तीन वर्षं गेली अशीच. कधी वाटतं, तुम्हाला ठाऊक होतं. डॉक्टरबाई काहीतरी बोलल्या असतील, किंवा तुम्ही माझ्या तोंडावरून ओळखलं असेल. ओळखून माझ्यावरचं आपल्या अंगावर घेतलंत का? विचारायचं राहिलं. आता कुणाला विचारू?

त्यानंतर आपला करार झाला. गोळी कमी झाली, न्याहारी आठला, आणि डॉक्टरबाईंना विचारून न्याहारीनंतर पाच पानं. पाच म्हणजे पाच. तुम्हाला त्याचा काय संताप! "पानं काय मोजती? देव मोजतो का आपल्याला देताना?" आणि लबाडी तरी किती, तळहाताएवढी पाच पानं निवडून आणायचात आणि माझ्यापुढं धरायचात, "मोज, इन्स्पेक्टर." मीही मोजायचे. चक्कर पुन्हा कधी आली नाही.

दुकानात मात्र तेव्हापासून एक गोष्ट बदलली, ती तुम्हाला कधी सांगितली नाही. शुगरची, रक्त पातळ करायची गोळी घ्यायला कुणी आलं की मी विचारते, "घरचं काही घेता का? काढा, चूर्ण, तुळस?" लोक आधी नाही म्हणतात, माझ्यासारखेच. मग मी म्हणते, लाजू नका, आमच्या घरातही पितात. मग सांगतात. तुमच्यामुळं सांगतात, आत्याबाई.

हृदय थकल्याचं कळलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, घरी न्या. शेवटचे दहा-बारा दिवस तुम्ही खिडकीशी, आणि बादल्यांना पाणी माझ्याकडं. मी जास्त घालते म्हणून तुम्ही पडल्या जागेवरून ओरडायचात. त्या शनिवारी उन्हं उतरत होती, तुम्ही हाक मारलीत. "वैशे, उजेड हाय तवर पानं तोड. उद्या रविवार."

"तोडते." देवाची वाटी घेतली आणि सवयीनं विचारलं, "किती?"

"तीन."

"देवाला दोन लागतात की."

"तीन म्हनले ना. नीट मोजून तोड."

मी तीन तोडली. एवढी मोजणारी बाई मी, मला विचारायचं सुचलं नाही की तिसरं कुणाचं. वाटी देव्हाऱ्यात ठेवली आणि तुम्हाला पेज भरवायला बसले. त्या वेळी खोलीत आपण दोघीच होतो. सांगायचं असतं तर तेव्हाच सांगता आलं असतं. मी चमच्यावर फुंकर घालत बसले.

सकाळी सात वाजता तुमचा श्वास लांबला. तुमचा लेक पाणी घेऊन धावला, शेजारच्या काकू आल्या, कुणीतरी म्हणालं तुळशीचं पान आणा, आणि काकू दारातच थबकल्या, "अगं, आज रविवार. तोडायचं कसं?" सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मी देव्हाऱ्याकडं गेले. वाटीत तीन पानं होती. दोन देवाला ठेवली. तिसरं घेऊन तुमच्याजवळ आले आणि तुमच्या जिभेवर ठेवलं. चावायचं नसतं, गिळायचं असतं, हेही मनात आलं बघा.

बावीस वर्षांत तुम्ही पहिल्यांदाच मला मोजून सांगितलंत. डोस बरोबर होता, आत्याबाई. तुमचं बरोबर होतं. डॉक्टरबाईंना नाही म्हणाले ते मी, पडलात ते माझ्यामुळं, चूक माझी होती. तुम्ही अंगणात आठ खोल्यांसमोर बोललात तसं मीही कुणासमोर तरी बोलायला हवं म्हणून आज दुपारी तुमच्या लेकाला सगळं सांगितलं. तो उठून गच्चीवर बादल्यांना पाणी घालायला गेला. जास्त घालत होता. मी खालून ओरडले.

उद्या सोमवार. वॉचमन ग्लास घेऊन येईल. तुम्ही गेलात ते त्याला आधी सांगेन, मग कुठली गोळी चालू आहे का विचारेन, आणि मग त्याच्यासाठी पानं तोडायला गच्चीवर जाईन.